जुन्या मसल कारची चकाकी कॅलिफोर्नियात वादाचा विषय का ठरली आहे?

१९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ असो की १९६९ ची शेव्हरले कॅमॅरो, अमेरिकन मसल कार म्हटलं की दमदार व्ही-८ इंजिनाइतकाच आठवतो तो लखलखता बंपर. या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करणं हा अमेरिकेत मोठा छंद आहे आणि मोठा धंदाही. पण कॅलिफोर्नियाच्या एका नियमामुळे या चकाकीची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न पुढे आला आहे.

नेमका नियम काय?

कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळाने, म्हणजे 'कार्ब'ने, मे २०२३ मध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियमवर टप्प्याटप्प्याने बंदी आणायचा निर्णय घेतला. शोभेच्या क्रोम प्लेटिंगसाठी त्याचा वापर १ जानेवारी २०२७ पासून बंद करायचा आहे. जादा बंदोबस्ताच्या अटी पाळणाऱ्यांना २०३० पर्यंत मुभा आहे. यंत्रांच्या भागांवरच्या टणक क्रोमसाठी मुदत २०३९ पर्यंत आहे.

एवढा धोका कशाचा?

प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक आम्लाचं द्रावण असतं. त्यातून वीज सोडली की बुडबुडे उठतात, फुटतात आणि विषारी तुषार हवेत मिसळतात. ते श्वासातून आत गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. 'कार्ब'च्या मते हे रसायन डिझेलच्या धुरापेक्षा ५०० पट घातक आहे. यातले अनेक कारखाने गरीब वस्त्यांत आहेत, काही तर घरं आणि शाळांच्या शेजारी.

'एरिन ब्रोकोविच' हा २००० सालचा सिनेमा पाहिलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. हिंकली गावाच्या भूजलात मिसळलेलं रसायन हेच. ते प्रकरण प्लेटिंगचं नव्हतं, पण १९९६ मध्ये तिथल्या रहिवाशांना ३३.३ कोटी डॉलर्सची भरपाई मिळाली होती.

गाडीवरचं सगळंच चकाकतं ते क्रोम असतं का?

नाही. बंपर पोलादी असतो. त्यावर सहसा तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोमचा थर चढवतात. हा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या बऱ्याचदा स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांचे पोचे मागून हलके ठोकून काढायचे, घासायचे आणि बफिंग करायचं, की काम झालं. प्लेटिंगची गरजच पडत नाही. काही पट्ट्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचा जुना थर उतरवून, पॉलिश करून पुन्हा ॲनोडाइज करावं लागतं.

सर्वांत अवघड असतात ती जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली नावं आणि चिन्हं. त्यांना खड्डे पडतात. ते कोरून, भरून मगच पुन्हा प्लेटिंग करता येतं. म्हणजे नियमाचा खरा फटका बसतो तो बंपर आणि या ओतीव भागांना.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा. तो बराच कमी विषारी आहे. पण जुन्या क्रोमला किंचित निळसर झाक असते आणि नव्याची छटा थोडी गडद दिसू शकते. रोजच्या वापरात हा फरक कुणाच्या लक्षात येणार नाही. गाडी मूळच्यासारखी हुबेहूब हवी, असा आग्रह धरणाऱ्यांना मात्र तो खटकतो. शिवाय टाक्या आणि द्रावण बदलायचा खर्च छोट्या कारखानदारांना जड जातो.

दुसरी वाट कस्टमायझेशनची. बंपर गाडीच्याच रंगात रंगवायचा, पट्ट्यांना काळं पावडर कोटिंग करायचं किंवा चिन्हं काढून टाकून पत्रा सपाट करायचा. यात परंपरा मोडते असंही नाही. १९६८ च्या जीटीओचा पुढचा एन्ड्युरा बंपर क्रोमचा नव्हताच. तो गाडीच्याच रंगाचा होता आणि त्याचं कौतुकही झालं होतं.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. बंदी गाडीवर नाही, प्लेटिंगच्या पद्धतीवर आहे आणि तीही फक्त कॅलिफोर्नियापुरती. बंपर दुसऱ्या राज्यात पाठवून जुन्याच पद्धतीने प्लेटिंग करून आणता येतो. तसं झालं तर लॉस एंजेलिसच्या वस्तीची हवा सुधारेल, पण तेच तुषार दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी उडतील. त्यामुळे कायद्याइतकंच गाडीमालकाच्या निवडीलाही महत्त्व आहे. छटेतला थोडासा फरक त्याने चालवून घेतला, तर विषारी टाक्यांची गरज आपोआप कमी होईल.