खेळाच्या बांधावरून : एकविसावा नंबर

हल्ली आपल्या मंडळींच्या पॉटलकमध्ये एक वाक्य कानावर पडू लागलं आहे. ‘धाकटा गोल्फ छान खेळतो, कोच म्हणतात प्रोफेशनल होईल.’ त्यापाठोपाठ आजीचा प्रश्न ठरलेला : ‘अरे, पण कॉलेजचं काय?’

मंडळी, याचं उत्तर देण्याआधी ‘कॉर्न फेरी टूर’ हे काय प्रकरण आहे ते बघू या. टीव्हीवर दिसते ती पीजीए टूर. तिच्या लगेच खालची पायरी म्हणजे ही. १९९० साली ‘बेन होगन टूर’ या नावाने ती सुरू झाली. तेव्हा एका स्पर्धेची सगळी बक्षिसं मिळून १ लाख डॉलर असत. पुढे पुरस्कर्ते बदलत गेले तशी नावंही बदलली : नाइकी, बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. (एवढी नावं आपल्याकडे फक्त रस्त्यांची बदलतात!) बॉइसी, विचिटा, नॉक्सव्हिल ही गावं मात्र पहिल्या वर्षापासून यजमान आहेत.

आता बक्षिसांची रक्कम १० लाख डॉलरच्या घरात गेली आहे, त्यात विजेत्याला १ लाख ८० हजार. ऐकायला बरं वाटतं. पण गुरुवारी साधारण दीडशे जण उतरतात आणि शुक्रवारी संध्याकाळी ३६ होल झाले की पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे राहतात. बाकीच्यांच्या हातावर शून्य. विमान, हॉटेल, कॅडीचा पगार, सगळं स्वतःच्या खिशातून. इथे कुणी नोकर नाही, प्रत्येक जण आपापला दुकानदार आहे आणि दोन आठवडे गल्ला रिकामा राहिला तरी तिसऱ्या गावाचं तिकीट काढावंच लागतं. कित्येक ठिकाणी गावातली कुटुंबं आपली जादा खोली या पोरांना देतात, हे मला फार आवडतं.

वर्षाअखेर गुणतक्त्यातले पहिले काही जण पीजीए टूरवर जातात. २०२४ मध्ये ते ३० होते, २०२५ पासून २० केले. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, चाळणी आणखी बारीक केली. विसावा आणि एकविसावा यांच्या खेळात डोळ्यांना दिसेल असा फरक नसतो. वर्षभरात कुठेतरी कडेवरून निसटलेला एखादा पट, एवढंच. पण विसावा कोट्यवधींच्या स्पर्धा खेळतो आणि एकविसावा बहुधा पुन्हा विचिटाला.

ही चाळणी खोटी नाही, हेही तितकंच खरं. २००३ साली इथे कमाईत पहिला आलेला झॅक जॉन्सन २००७ मध्ये मास्टर्स जिंकला. २०१९ चा इथला सर्वोत्तम खेळाडू होता स्कॉटी शेफलर.

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. अक्षय भाटिया कॉलेजला गेलाच नाही, २०१९ मध्ये सतराव्या वर्षी प्रोफेशनल झाला. सुरुवातीला कट चुकत राहिले. जानेवारी २०२२ मध्ये, वीस पूर्ण व्हायच्या आत, बहामामध्ये या टूरवरची स्पर्धा त्याने जिंकली. तरी त्या वर्षी वरचं कार्ड मिळालं नाही. पीजीए टूरवरचा पहिला विजय जुलै २०२३ मधला. तेलुगू घरातला साहित तीगला पेपरडाइनमध्ये शिकला, २०२० मध्ये प्रोफेशनल झाला, २०२१ मध्ये याच टूरच्या शेवटच्या स्पर्धांमधून वर गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला विजय मिळवला. दोघांमध्ये अंतर किती? दोन महिन्यांचं!

माझं विचाराल तर मी पोराला तीगलाच्या वाटेने पाठवीन. कॉलेजमधला गोल्फ काही कच्चा नाही, आणि एकविसावा नंबर आला तर हातात काहीतरी राहतं. पण खरी बोलणी वेगळीच करायला हवीत : किती वर्षं, कुणाच्या पैशाने, आणि थांबायचं कधी हे कोण ठरवणार? ती पहिल्या स्पर्धेआधी जेवणाच्या टेबलावर व्हावीत. कट चुकल्यावर मोटेलमधून आलेल्या फोनवर ती होत नाहीत.

आणि थांबायचं ठरवणंही सोपं नाही बरं का. अर्जुन अटवाल २००८ मध्ये याच टूरवर चॅटानूगाला जिंकला, वर गेला, दुखापतीनंतर २०१० मध्ये कार्ड गमावून बसला. त्याच ऑगस्टमध्ये सोमवारच्या पात्रता फेरीतून तो ग्रीन्सबरोच्या स्पर्धेत शिरला आणि रविवारी पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.