दुसरी सही

बँकेत बत्तीस वर्षं काढली. तिथला पहिला धडा असा, की एकाने लिहिलेलं व्हाउचर दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय पैसे हलत नाहीत. मग लिहिणारा कितीही हुशार असो. कादंबरी लिहायला बसलो तेव्हा मात्र वाटलं, इथे आपली एकट्याची सही पुरे.

त्या कादंबरीत 1952 सालच्या बाजारात मी एका पोराच्या हातावर 'दहा नवे पैसे' ठेवले होते. हस्तलिखित परत आलं, तेव्हा समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं होती : 'नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून. इथे आणे हवेत.' दिवसभर पैसेच मोजणाऱ्या माणसाची ही चूक! संपादकांनी दुसरी सही केली, म्हणून अब्रू वाचली.

हे आठवलं नातीमुळे. ती कॉलेजात मीडिया शिकते. परवा म्हणाली, "आजोबा, सेमिनारला विषय सुचवा ना." मी म्हटलं, "स्वाहिली घे." तिला वाटलं, आजोबा थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची ही भाषा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून शिडाच्या गलबतांतून व्यापारी तिकडे जात. त्यांचे शब्द तिथेच राहिले. स्वाहिलीत पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा' आणि चेकला 'हुंडी' म्हणतात. निवृत्त बँकवाल्याला आणखी काय हवं?

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं स्वाहिलीत भाषांतर केलं. 1969 साली ते प्रसिद्ध झालं. नाव 'माबेपारी वा वेनिसी'. 'बेपारी' म्हणजे मुळात आपला व्यापारीच. 'मा' लागला की अनेकवचन. पण स्वाहिलीत त्या शब्दाचा अर्थ झाला होता भांडवलदार. दोनच वर्षं आधी, 1967 मध्ये, अरुशा जाहीरनाम्याने न्येरेरेंनी देशाला समाजवादाच्या वाटेवर आणलं होतं. व्हेनिसचा एकटा सौदागर स्वाहिलीत शिरला तो अनेक भांडवलदार होऊन! हे भाषांतर म्हणायचं, की भाष्य? संपादकाने इथे पेन्सिल उचलावी, की खाली ठेवावी? एका शब्दावर दोन तासांचा सेमिनार सहज होईल.

असा वेळ देणारी माणसं मिळाली, म्हणून ती भाषा उभी राहिली. प्रमाण स्वाहिलीसाठी 1930 साली समिती झाली. तिचं काम 1964 मध्ये दार-एस-सलामच्या विद्यापीठीय महाविद्यालयातल्या संशोधन संस्थेकडे आलं. 1981 मध्ये त्या संस्थेने स्वाहिली शब्दांचे अर्थ स्वाहिलीतच सांगणारा कोश काढला. युनेस्कोने 7 जुलै हा स्वाहिली दिन ठरवला तो 2021 मध्ये. आधी कोश, मग उत्सव.

मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. पेढे मीही वाटले. पण कॅमेरा धरायला शिकवणारे वर्ग जेवढे दिसतात, तेवढे दुसऱ्याचा मजकूर तपासायला शिकवणारे दिसत नाहीत. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी 'सत्यकथे'त लेखकांच्या हस्तलिखितांवर जी मेहनत घेतली, ती शिकायची कुठे? आता तर संगणक क्षणात पानभर मजकूर लिहून देतो. लिहिणारा हात इतका स्वस्त झाल्यावर तपासणारा हात महागच हवा.

मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचा विभाग आहे, मराठीचा आहे, पत्रकारितेचाही आहे. तिन्हीकडची चार-चार मुलं एका टेबलाभोवती बसवा. मध्ये एक मजकूर, बाजूला कोश, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. खर्च म्हणाल तर चहाचा.

नातीने अखेर विषय घेतला. पण एका अटीवर. तिचा निबंध मी तपासायचा आणि माझा हा लेख तिने. काल रात्री तिने तो परत दिला. समासात पेन्सिलीच्या पाच खुणा होत्या. चार मी मुकाट्याने मान्य केल्या. पाचवीवर आमचं अजून भांडण चालू आहे.