एफ-१ दाबलं, मदत उघडलीच नाही! आता काय?



जळगाव-धुळ्यात पत्रिका, फ्लेक्स, लेबलचं दुकान टाकायचं म्हणून जे भेटायला येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, मशीन कोणतं घेऊ?’ ‘डिझाइन सॉफ्टवेअरची हेल्प फाइल उघडते का, ते कसं बघू?’ असं अजून कुणी विचारलं नाही. माझ्या मते हा प्रश्न मशीनच्या आधी यायला पाहिजे.

का? माझ्याच खिशाला बसलेला फटका सांगतो. ऐन लग्नसराईत अमळनेरच्या एका पार्टीच्या ५०० पत्रिका होत्या. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत जायला हवा होता, पण आमच्या फाइलमध्ये तो चार रंग मिळून झालेला काळा होता. ऑपरेटरला शंका आली, त्याने एफ-१ दाबलं. डावीकडे विषयांची यादी आली, उजवीकडे पानच उघडेना. ‘जाऊ दे, होईल बरोबर’ म्हणत फाइल प्रेसला गेली. छापताना रंग केसभर सरकले आणि नवरीचं नावसुद्धा भुरकट आलं. सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या, माझ्या खर्चाने.

नंतर कळलं, ती फाइल दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये होती. दोन मिनिटांचं काम होतं! म्हणून हे तपासा:

१. फाइल सीएचएम असेल तर ती आपल्याच कॉम्प्युटरवर कॉपी करा. २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून विंडोज नेटवर्कवरची अशी पानं अडवतं. फोल्डरच्या नावात # हे चिन्ह असेल तर तेही काढा.

२. फाइल नेटवरून उतरवली असेल तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग ‘अनब्लॉक’. पण फाइल खात्रीच्या जागेची असेल तरच. सीएचएममधून व्हायरसही येतो.

३. फाइल एचएलपी असेल तर ती फार जुनी आहे. व्हिस्टापासून विंडोजसोबत तिचा वाचक येत नाही आणि विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने तो दिलेलाच नाही. इथे डोकं आपटू नका, पीडीएफ मार्गदर्शिका शोधा.

४. नवीन सॉफ्टवेअरमध्ये एफ-१ दाबलं की ब्राउझर उघडतो. म्हणजे नेट गेलं की मदतही गेली. कंपनीची पीडीएफ मिळत असेल तर आधीच उतरवून ठेवा.

काही जण म्हणतात, ‘सर, व्हिडिओ आहेत ना, हेल्प कोण वाचतं?’ भाऊ, मी स्वतः व्हिडिओ बनवतो, म्हणूनच सांगतो. व्हिडिओत माझी आवृत्ती, माझा मेनू दिसतो. तुमचं गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना वीस मिनिटांचा व्हिडिओ बघत बसणार का? आणि जुगाडाची कॉपी टाकली असेल तर कंपनीला फोन तरी कोणत्या तोंडाने करणार?

कंपन्यांचीही चूक आहेच. पैसे घेऊन विकलेल्या सॉफ्टवेअरची मदत नेटशिवाय उघडलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण गिऱ्हाईक कंपनीला नाही, आपल्याला जाब विचारतं.

तेव्हा आज दुकान बंद करण्याआधी एकदा नेट बंद करा आणि एफ-१ दाबा. काही उघडलं नाही, तर उद्याचं पहिलं काम तेच.