बेडकाच पडत नसेल तर टीबी शोधायचा कसा?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, घटलेले वजन, संध्याकाळी येणारा बारीक ताप. आरोग्य केंद्रात गेले की हातात डबी मिळते : 'सकाळचा बेडका आणा.' पण अनेकांना बेडका पडतच नाही. एचआयव्हीबाधित, थकलेले वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेले रुग्ण कसेबसे लाळ देतात. अहवाल 'निगेटिव्ह' येतो आणि रोग फुप्फुसात वाढत राहतो. अशा प्रौढांसाठी शौचाच्या नमुन्याचा विचार आता गांभीर्याने व्हायला हवा.

फुप्फुसाचा रोग शौचात कसा दिसतो?

फुप्फुसातून वर येणारा कफ आपण नकळत गिळतो, झोपेत तर हमखास. त्याबरोबर क्षयाचे जंतू पोटात जातात. पचनमार्गातून जाताना जंतू मेले, तरी त्यांचा काही डीएनए शौचात उतरतो. सीबीनॅट यंत्र हाच डीएनए शोधते.

चाचणी कशी होते?

एक ग्रॅमहून कमी नमुना पुरतो. तो रसायनात मिसळून काही मिनिटे स्थिर ठेवतात आणि वरचा द्रव कार्ट्रिजमध्ये भरतात. बेडक्यासाठी असते तेच यंत्र इथेही चालते. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच या नमुन्याची शिफारस केली.

मग प्रौढांबाबत अडचण काय?

एस्वातिनी, मोझांबिक आणि युगांडातील एचआयव्हीबाधित प्रौढांवर याचा अभ्यास झाला. केवळ शौचावर विसंबले, तर बरेच रुग्ण निसटतात, असे दिसले. मात्र प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांमध्ये चाचणी अधिक उपयोगी ठरली आणि काही रुग्ण फक्त याच नमुन्यातून सापडले. म्हणजे ही चाचणी बेडक्याची जागा घेणारी नाही, त्याला जोड देणारी आहे.

आपल्याकडे काय व्हावे?

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत आणि सीबीनॅट यंत्रेही आहेत. बेडका न देऊ शकणाऱ्या प्रौढाला, विशेषतः एचआयव्हीबाधिताला, दुसरी डबी देण्याची सोय प्रायोगिक तत्त्वावर तरी सुरू व्हावी. शौच आणून द्यायला माणूस संकोचतो. त्याला नीट समजावणारा कर्मचारीही हवा. हा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून एक्स-रे आणि पुढील तपासणी थांबता कामा नये.

तोवर रुग्णाने एवढे करावे : डबीत बेडका नसून लाळच गेली असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्या 'निगेटिव्ह'वर निर्धास्त राहू नये.