स्टेंट तोच, परिणाम निराळे : कारण वंशात की व्यवस्थेत?

रिसाली (भिलाई), छत्तीसगड : हृदयरोहिणीतील अडथळा दूर केल्यावर ती पुन्हा आकसू नये म्हणून तेथे धातूच्या बारीक जाळीची नळी बसविली जाते. हा स्टेंट रुग्णाचा वर्ण, भाषा किंवा जात ओळखत नाही. तरीही स्टेंट बसविल्यानंतर सर्व समाजगटांतील रुग्णांच्या वाट्याला सारखेच आयुष्य येत नाही. अमेरिकेत या तफावतीची चर्चा वंशभेदाच्या अंगाने होते. भारतात ती चर्चा क्वचितच होते. मात्र तफावत येथेही आहे आणि तिचे कारण शोधल्याशिवाय तिच्यावर उपाय सापडणार नाही.

अमेरिकी वैद्यकविश्वात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेंटविषयक १० चाचण्यांतील २२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाच वर्षांनंतरची स्थिती तपासण्यात आली. कृष्णवर्णीय रुग्णांत हृदयविकारासंबंधी गंभीर घटनांचे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर गौरवर्णीयांत सुमारे १९ टक्के आढळले. वय, मधुमेह, उच्च रक्तदाब इत्यादी बाबी हिशेबात घेतल्यावरही कृष्णवर्णीयांचा धोका अधिकच राहिला. आशियाई गटात हे प्रमाण सर्वांत कमी, ११ टक्क्यांच्या आसपास होते.

हा शेवटचा आकडा वाचून भारतीयांनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. त्या अभ्यासातील नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण गौरवर्णीय होते. आशियाई जेमतेम दोन टक्के. शिवाय ‘आशियाई’ या एका शब्दात जपानी आणि भारतीय या दोघांनाही कोंबले जाते. या दोन समाजांचा आहार, मधुमेहाचे प्रमाण आणि हृदयविकार होण्याचे वय यांत मोठे अंतर आहे. वंशाची वर्गवारी किती ढोबळ असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दक्षिण आशियाई लोकांचे वेगळेपण नेमके कशात आहे, याचा शोध घेणाऱ्या एका महत्त्वाच्या संशोधनाचे नेतृत्व नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी यांनी केले. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासावर आधारित हा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्यक वय ५३ वर्षे, तर अन्य देशांत ते सुमारे ५९ वर्षे असल्याचे त्यात दिसून आले. मात्र हे सहा वर्षांचे अंतर मुख्यत्वे तंबाखू, मधुमेह, रक्तातील घातक मेद, अपुरा व्यायाम अशा नेहमीच्या धोक्यांमुळे पडते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. हे धोके आपल्याकडे तरुण वयातच गाठतात, एवढाच फरक.

जैविक भेद मुळीच नसतात, असे मात्र नाही. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल हे औषध सर्रास दिले जाते. यकृतातील एका विकराने त्याचे रूपांतर केल्यावरच ते प्रभावी ठरते आणि हे विकर मंद करणारा जनुकीय बदल युरोपीय वंशाच्या तुलनेत आशियाई लोकांत अधिक आढळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्येच याबाबत ठळक इशारा दिला होता. अशा रुग्णांसाठी पर्यायी औषधे उपलब्ध आहेत. म्हणजे जैविक भेद जेथे ठाऊक आहे, तेथेही त्यावरचा इलाज रुग्णापर्यंत पोहोचतो की नाही, हाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर भारतातच मिळाले आहे. २००८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत देशातील ८९ रुग्णालयांतील २०,९३७ हृदयरुग्णांचा समावेश होता. श्रीमंत रुग्णांपैकी १५.३ टक्के रुग्णांची अँजिओप्लास्टी झाली. गरिबांपैकी केवळ २ टक्के रुग्णांची. रक्तातील मेद कमी करणारी औषधे ६१ टक्के श्रीमंतांना मिळाली, तर ३६ टक्के गरिबांना. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के आणि गरिबांत ८.२ टक्के होते. उपचारांतील फरक हिशेबात घेताच मृत्यूमधील ही तफावत नाहीशी झाली, हा या अभ्यासाचा गाभा आहे. गरिबाचे हृदय मुळातच दुबळे नव्हते. त्याला मिळालेले उपचार अपुरे होते.

ब्रिटनचा अनुभव याला पूरक आहे. तेथे २००४ ते २०११ या काळात अँजिओप्लास्टी झालेल्या पावणेतीन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, वय आणि इतर आजार लक्षात घेतल्यावर दक्षिण आशियाई व गौरवर्णीय रुग्णांच्या दीर्घकालीन मृत्युदरात लक्षणीय अंतर आढळले नाही. दारात आलेल्या रुग्णाला पैसे न विचारता उपचार देणारी सार्वजनिक आरोग्यसेवा तेथे आहे, ही बाब येथे विसरता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर भिलाईकडे पाहणे उद्बोधक ठरते. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून, विदर्भातूनही, माणसे येथे आली. ‘छोटा भारत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरीत, तिच्यातून वेगळी महापालिका झालेल्या रिसालीसह, मराठी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. येथे हृदयरुग्णांचे भवितव्य ठरविणारी रेषा भाषेची नाही. कारखान्यातील कायम कर्मचाऱ्याला सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा आधार असतो; कंत्राटी कामगाराला कर्मचारी राज्य विमा किंवा शासकीय योजनेच्या कार्डावर विसंबावे लागते. राज्याने २०२० मध्ये सुरू केलेल्या डॉ. खूबचंद बघेल आरोग्य साहाय्य योजनेत अंत्योदय व प्राधान्य शिधापत्रिकाधारक कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंत, तर इतर कुटुंबांना पन्नास हजार रुपयांपर्यंत संरक्षण ठरविण्यात आले. हृदयविकाराच्या खर्चापुढे दुसरी मर्यादा तोकडी पडते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली, तेव्हा लाखाच्या घरात गेलेले दर एका रात्रीत उतरले. तो निर्णय मोलाचा होता. परंतु स्टेंट स्वस्त होणे ही निम्मीच लढाई आहे. झटका आल्यावर वेळेत निदान होणे आणि स्टेंटनंतर गुठळीविरोधी औषधे महिनोन्‌महिने अखंड चालू राहणे, ही दुसरी निम्मी. मजुरी बुडाली म्हणून गोळ्या मध्येच थांबल्या, तर उत्तम स्टेंटही बंद पडू शकतो. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या हृदयकेंद्रांशी जोडून रुग्णाला आधी गुठळी विरघळविणारे औषध देण्याचा आणि मग अँजिओप्लास्टीसाठी हलविण्याचा प्रयोग झाला. त्यात एका वर्षातील मृत्युदर १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आला. दुर्ग, राजनांदगाव किंवा सीमेपलीकडील गोंदिया, गडचिरोली या भागांसाठी असे जाळे विणणे अशक्यप्राय नाही.

त्यासाठी प्रथम मोजदाद हवी. शासकीय योजनेतून स्टेंट बसविलेल्या रुग्णांची संख्या सरकार जाहीर करते. त्यांतील किती जण वर्षभरानंतर जिवंत आहेत, किती जणांची औषधे चालू आहेत आणि ते कोणत्या जिल्ह्यांतील व उत्पन्नगटांतील आहेत, याचीही नोंद ठेवली गेली पाहिजे. अमेरिकेला आपली तफावत दिसली, कारण तिने ती मोजली. आपल्याकडे विषमतेचे नाव वंश नसेल. पण उत्पन्न, अंतर आणि नोकरीचा प्रकार या नावांनी ती रुग्णखाटेपर्यंत पोहोचली आहे. ती रक्तातून आलेली नसल्यामुळे धोरणाने दूरही करता येईल.