आधी एग्मोर, मग लंडन!

परमुलुखात नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना संताप स्वस्त आणि रविवार महाग झाला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत बनण्यास आमच्या भाच्याचे एक पत्र कारण झाले.

मुलगा सांगलीचा, कृष्णेच्या घाटावर वाढलेला. सध्या जर्मनीत शिकतो. सुट्टीत मित्रांसमवेत लंडनला गेला. मित्र बाजाराकडे वळले. हा एकटाच सकाळी दहाच्या ठोक्याला ब्रिटिश म्युझियमच्या दारात उभा. तेथे काचेच्या भिंतीआड त्याला अमरावतीच्या चुनखडीच्या शिळा दिसल्या. ही अमरावती वऱ्हाडातील नव्हे. आंध्रातील, कृष्णेच्याच काठची. एका शिळेवर खुद्द त्या स्तूपाचेच शिल्प कोरलेले आणि तिच्याच पाठीवर त्याहून जुने कोरीवकाम. सांगलीच्या घाटाला लागून गेलेले पाणी पुढे ज्या स्तूपापाशी पोहोचते, त्याचे वैभव या मुलाने पाहिले ते सातासमुद्रापार! दुपारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १७९९ साली श्रीरंगपट्टणहून नेलेला टिपूचा लाकडी वाघ पाहिला, आणि रात्री आम्हांस लिहिले, "मामा, तुम्ही सहा वर्षे चेन्नईत आहात. अमरावतीच्या बाकीच्या पुष्कळ शिळा तुमच्याकडेच आहेत म्हणे. त्या कशा आहेत?"

आम्ही त्या पाहिल्याच नव्हत्या. एग्मोर आमच्या कचेरीपासून बसने अर्ध्या तासावर!

ते पत्र आम्ही आमच्या मराठी मंडळींच्या बैठकीत वाचून दाखविले. शेवटचा प्रश्न मात्र गाळून. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "लंडनला जाऊन दगड पाहिले? एवढ्या खर्चात काही उपयोगाचे तरी पाहायचे!" दुसरे गरजले, "चोरीचा माल तो! आधी परत करा म्हणावे!"

पहिल्या गृहस्थांस आमचे उत्तर सोपे आहे. या दोन्ही संग्रहालयांत नेहमीच्या दालनांस प्रवेशशुल्क नाही. आणि हा मुलगा एकटा होता, म्हणून एका शिळेपुढे तासभर उभा राहू शकला. आपण एल.टी.सी. घेऊन निघतो, दिवसाला पाच स्थळे 'उरकतो', प्रत्येकापुढे छायाचित्र काढवितो आणि गाडीत येऊन बसतो. मग खर्च वाया कोणाचा गेला?

दुसऱ्या गृहस्थांची मागणी आम्हांस मान्य आहे. १९६३ च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांना, काही अपवाद सोडता, संग्रहातील वस्तू देऊन टाकता येत नाहीत. 'नियमात बसत नाही' या शब्दांची ऊब किती असते, हे आम्हां कारकुनांस कोणी शिकवावयास नको! कायदा माणसे करतात. माणसे तो बदलू शकतात. तेव्हा मागणी जरूर करावी. पण मागणाऱ्याचे डोळे उघडे असावेत की नकोत?

इतिहासच पाहा. १८४५ साली अमरावतीस उत्खनन करून शिळा मद्रासला पाठविल्या त्या वॉल्टर एलियट याने. तो कोण होता? आमच्यासारखाच परमुलुखात नेमलेला सरकारी नोकर. त्यापूर्वी धारवाडकडे असताना तो जुने शिलालेख गोळा करीत असे. पुढे १८५९ साली त्यांतील पुष्कळ शिळा जहाजाने लंडनला गेल्या आणि १८८० साली ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या. नेणे हे सत्तेचे बळ होते. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण पाहणे हे सत्तेचे बळ नव्हे, ती डोळ्यांची सवय आहे. परका नोकर बदलीच्या गावातील दगड पाहतो आणि आपण स्वदेशात बदलीच्या गावी बसून पुढच्या बदलीची वाट पाहतो. हे आम्हांस लंडनमधील काचेच्या भिंतीपेक्षा अधिक बोचते.

गेल्या रविवारी आम्ही एकटेच एग्मोरला गेलो. एका वर्तुळाकार शिल्पात नलगिरी हत्ती पिसाळून माणसे तुडवीत धावतो आहे, सज्जांतून लोक भयाने पाहताहेत. आणि त्याच वर्तुळात तोच हत्ती बुद्धापुढे गुडघे टेकून बसला आहे. दोन क्षण, एकच दगड. पाहता पाहता पाऊण तास गेला. सहा वर्षांत आम्हांस एवढा पाऊण तास मिळाला नव्हता, असे म्हणण्याची आता आमची छाती नाही.

कलकत्त्यात असलेल्या बंधूंनो, तुमच्याजवळ भारहुतचा कठडा आहे. दिल्लीकरांनो, तुमच्याजवळ मोहेंजोदडोची नर्तकी आहे. चेन्नईचे संग्रहालय शुक्रवारी बंद, तुमची सोमवारी. आणि आपल्या बहुतेक केंद्रीय कचेऱ्या शनिवारी व रविवारी बंद. सबब सांगावयास कोठेच जागा उरलेली नाही. लंडनला पाठवावयाच्या अर्जावर आम्ही आनंदाने सही करू. पण आधी सही करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावच्या संग्रहालयात एक दिवस, एकट्याने, घालविलेला असावा.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच रात्री लिहिले. तीन आठवडे उशिराने.