बक्षीस उंच रोपाला नको, खऱ्या नोंदवहीला द्या



पावसाळा आला की शाळा-शाळांतून वृक्षारोपण होते. तयार रोपे आणायची, खड्ड्यात लावायची, फोटो काढायचा. विज्ञान प्रदर्शनात जिवाणू खताच्या कुंड्याही मांडलेल्या असतात, पण निष्कर्ष बहुधा पुस्तकातून आधीच उतरवलेला असतो. आम्हाला असे वाटते की येत्या पावसाळ्यात मुलांनी कागदी लिंबाची रोपे स्वतः बियांपासून करावीत, आणि तीही खरा प्रयोग म्हणून.

लिंबूच का? बी घरातच मिळते. ते वाळले की उगवणशक्ती जाते, म्हणून फळातून काढून, धुऊन लगेच पेरावे. एका बीतून कधी दोन-तीन रोपेही निघतात, याची मुलांना मोठी गंमत वाटते. शिवाय लिंबाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही, आणि आपली माळव्याची काळी माती तर पाणी धरून ठेवते. म्हणून मिश्रण बदलले की काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

चार गट करावेत, प्रत्येकी दहा पिशव्या. पहिल्यात नुसती काळी माती. दुसऱ्यात माती, वाळू व कंपोस्ट समभाग. तिसऱ्यात तेच मिश्रण, अधिक अ‍ॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळविणारे जिवाणू. चौथ्यात कोकोपीट व कंपोस्ट. बी, पाणी व सावली सर्वांना सारखी. दुसरा गट नसेल, तर तिसऱ्यातले रोप कंपोस्टमुळे वाढले की जिवाणूंमुळे, हे कोणीच सांगू शकणार नाही. जिवाणू खत सजीव असते. कडक उन्हात ते निकामी होते. म्हणून पाकीट सावलीत ठेवणे व त्यावरची मुदत वाचणे हाही धडाच आहे.

कंपोस्ट मात्र विकत आणू नये. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच शहरात काम करून पालापाचोळा व शेणापासून खत करण्याची रीत बसवली, आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. जग तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणते. ज्या गावाचे नाव कंपोस्टला लागले, तिथल्या शाळेने खताचे पोते विकत का घ्यावे? खत तयार व्हायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून ढीग उन्हाळ्यापूर्वीच रचावा.

रोपे मेली तर मुले हिरमुसतील, असे काही पालक म्हणतील. पण किती उगवली, किती मेली, किती पाने आली, हे दर आठवड्याला खरे खरे लिहिणे हाच तर अभ्यास. जिवाणूंच्या गटात फरक दिसला नाही, तर तसेच लिहावे; त्याने प्रयोग फसत नाही. उंच रोपाला बक्षीस ठेवले, तर मुले एकाच कुंडीचे लाड करतील. नोंदवहीला ठेवले, तर चाळीसही पिशव्यांकडे लक्ष देतील.

शाळेने व पालकांनी याचा विचार करावा, ही विनंती.